टायर फुटणे ही दैवी आपत्ती नव्हे

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ सालच्या प्रारंभी एका मोटार अपघाताच्या दाव्यात जो निर्णय दिला, त्याची चर्चा वकीलवर्गाबाहेर फारशी झाली नाही. वस्तुतः तो प्रत्येक मोटारधारकाने मुळातून समजून घ्यावा असा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये एक गृहस्थ आपल्या दोन सहकाऱ्यांसमवेत मोटारीने पुण्याहून मुंबईकडे निघाले होते. वाटेत मागील चाकाचे टायर फुटले, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि त्या गृहस्थांचा जागीच अंत झाला. न्यायाधिकरणाने कुटुंबीयांना सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. तिच्याविरुद्ध विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, तीत चालकाचा दोष नाही, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी तो फेटाळला. टायर फुटण्यामागे अतिवेग, हवेचा कमी वा जास्त दाब, जुने टायर, तपमान अशी कारणे असतात. प्रवासास निघण्यापूर्वी टायरची अवस्था पाहणे हे चालकाचे वा मालकाचे कर्तव्य आहे. आणि म्हणून ही घटना मानवी हलगर्जीपणात मोडते, असा त्या निकालाचा आशय होता.

न्यायालयाने विमा कंपनीला जे ऐकविले ते खरे तर आपणा सर्वांना ऐकविले आहे. कारण टायर फुटणे, ब्रेक निकामी होणे, ऐन पावसात वायपर बंद पडणे या गोष्टी दैवाच्या खात्यावर टाकण्याची सवय एकट्या विमा कंपनीची नव्हे. 'काळ आला होता', 'वेळच वाईट होती' असे म्हणून आपण मृताच्या घरून परततो, आणि परतताना ज्या गाडीत बसतो तिच्या चाकांकडे वाकून पाहत नाही. उलट, कोणत्याही अपघातानंतर 'टायर फुटला' एवढे म्हटले की चौकशी संपली असे मानण्याचीही प्रथा आहे. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यू पावले. त्या वेळीही टायर फुटल्याचे कारण प्रथम पुढे आले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र त्याला आधार मिळाला नाही. तात्पर्य, टायर हे कधी खरे कारण असते, तर कधी सोयीचे. दोन्ही प्रसंगी त्याच्याकडे अगोदर पाहिले होते काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांत पाहावयाचे तर केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल पुरेसा आहे. त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. एकट्या महाराष्ट्रात मृतांची संख्या पंधरा हजारांहून अधिक होती. यांतील बहुसंख्य मृत्यू अतिवेगाच्या सदरात मोडतात हे खरे. परंतु वेग आणि गाडीची अवस्था या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. ज्या वेगात चांगल्या टायरची आणि चांगल्या ब्रेकची गाडी थांबते, त्याच वेगात झिजलेल्या टायरची गाडी थांबत नाही. आणि पोलिसांच्या कागदावर दोन्ही ठिकाणी 'अतिवेग' हाच शब्द येतो.

सोलापूरकरांना हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही. पुण्याहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, विजयपुराकडून येऊन तुळजापूर-धाराशिवमार्गे मराठवाड्यात जाणारा महामार्ग आणि रत्नागिरीकडून मिरज-सांगोल्यावरून येणारा महामार्ग असे तीन मोठे मार्ग आपल्या शहरापाशी एकत्र येतात. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि सीमेपलीकडचे गाणगापूर अशी चार तीर्थक्षेत्रे एक-दोन दिवसांत करून परतणारी कुटुंबे वर्षभर या रस्त्यांवरून जातात. गाडीत पाचांच्या जागी सात माणसे, वर सामान, पहाटे निघून रात्री घर गाठण्याची घाई, आणि एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंशांवर गेलेला पारा. अशा दिवशी दुपारी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापलेला असतो. टायरची परीक्षा पाहावयाची तर याहून कठोर परिस्थिती योजून निर्माण करता येणार नाही.

पंधरा वर्षांची मोकळीक

आपल्या कायद्याची रचना या बाबतीत विचार करण्याजोगी आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू व प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना वेळोवेळी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी असते आणि त्या अवधीत तिच्या ब्रेकची, टायरची वा दिव्यांची सक्तीची तपासणी करणारी कोणतीही यंत्रणा नाही. मधल्या काळात जे प्रमाणपत्र घ्यावे लागते ते धुराचे असते. धूर स्वच्छ असलेल्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, हे त्या कागदावरून कळत नाही.

इतरत्र काय चालते? ब्रिटनने जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू केली. तेथे तीन वर्षांहून जुन्या मोटारीला ती दरवर्षी करून घ्यावी लागते. जर्मनी आणि जपान या देशांत नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतरची दर दोन वर्षांनी होते. ही राष्ट्रे मोटारी बनविण्यात जगात अग्रेसर आहेत. तरीही आपण बनविलेले यंत्र मालकाच्या मर्जीवर पंधरा वर्षे सोडून द्यावे असे त्यांना वाटत नाही.

आपल्याकडे कायदा अगदीच मुका आहे असे नव्हे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत टायरवरील खाचांची किमान खोली सांगितलेली आहे: दुचाकी व तीनचाकीस ०.८ मिलिमीटर आणि अन्य वाहनांस १.६ मिलिमीटर. सदोष वाहन रस्त्यावर आणणे हा गुन्हाही आहे. समृद्धी महामार्गावर अपघातांची मालिका सुरू झाल्यावर २०२३ साली परिवहन विभागाच्या पथकांनी प्रवेशापाशी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविल्या होत्या. हा उपक्रम स्तुत्य होता. पण एका मार्गावर, एका काळापुरता. सोलापूर-विजयपूर वा सोलापूर-बार्शी रस्त्यावर आपली गाडी परत पाठविणारे कोणी नसते. याचा सरळ अर्थ असा की, पंधरा वर्षे गाडीचा तपासनीस मालक स्वतः असतो. त्याने ते काम केले नाही तर ते कोणीही करीत नाही.

येथे राज्य परिवहनाशी तुलना उद्‌बोधक ठरेल. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत आगारातील कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा हे अविभाज्य घटक राहिले. एस.टी.च्या गाड्यांविषयी तक्रारी असतात, त्या पुष्कळदा रास्तही असतात. पण निदान त्या गाडीची देखभाल हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे. खासगी मोटारीच्या बाबतीत हे 'कोणाचे तरी' म्हणजे कोण, याचा निर्णयच अनेक घरांत झालेला नसतो.

घसारा दिसत नाही म्हणून

अर्थशास्त्रात 'घसारा' ही मूलभूत संकल्पना आहे. यंत्र वापरले की झिजते आणि त्या झिजेची तरतूद उत्पन्नातून प्रतिवर्षी करावी लागते. न केल्यास हिशेबात नफा दिसतो आणि प्रत्यक्षात भांडवल खाल्ले जाते. मोटारीच्या बाबतीत मध्यमवर्गीय कुटुंबाचा हिशेब नेमका असाच चुकतो. कर्जाचा हप्ता आणि पेट्रोलचा खर्च दर महिन्यास डोळ्यांपुढे येतो. टायरची झीज, ब्रेकची झीज, वायपरच्या रबराची झीज यांचे बिल कोणी पाठवीत नाही. ते एकदम येते, आणि कधी कधी ते पैशात नसते.

शिवाय या खर्चाचा एक विशेष आहे. देखभाल टाळून वाचलेले पैसे मालकाच्या खिशात राहतात. तिचे परिणाम मात्र समोरून येणाऱ्या सायकलस्वाराला, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला, मागे बसलेल्या मुलांना भोगावे लागतात. ज्याचा लाभ एकास आणि भुर्दंड दुसऱ्यास, अशा व्यवहाराला अर्थशास्त्रज्ञ बाह्य परिणाम म्हणतात. २०२२ सालच्या मृतांत जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. त्यांच्याकडे टायर नव्हते, ब्रेकही नव्हते. म्हणून 'माझी गाडी, माझा प्रश्न' ही भूमिका तर्काला धरून नाही.

पूर्वीच्या पिढीतील मोटारधारकाला हे सांगावे लागत नसे. अ‍ॅम्बॅसॅडर वा फियाट बाळगणारा मनुष्य सकाळी बॉनेट उघडून पाणी-तेल पाहिल्याशिवाय गाडी काढीत नसे, कारण न पाहता काढली तर ती मोहोळपर्यंतही पोचेल याची शाश्वती नसे. आजची गाडी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. यंत्राची विश्वासार्हता वाढली हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर आता पाहण्यासारखे काही उरलेच नाही, असा समज रूढ झाला. इंजिन सुधारले तरी टायर रबराचाच आहे, आणि रबर आजही झिजते, तापते, वाळते. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींनाही यातून सुटका नाही.

पंधरवड्यातील अर्धा तास

मालकाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत आणि त्यांस मिस्त्रीची विद्या लागत नाही. पंधरवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी गाडी थंड असताना, अर्धा तास पुरतो.

प्रथम हवा. चालत्या गाडीचा प्रत्येक टायर सुमारे तळहाताएवढ्या भागानेच रस्त्याला टेकलेला असतो. सारी गाडी अशा चार तळहातांवर चालते. ताशी १०० किलोमीटर वेगात साधारण मोटारीचे चाक सेकंदास पंधरा फेरे घेते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उलगडते. या अखंड मुडपण्याने आत उष्णता साठते, रबर आणि आतील धाग्यांचे थर सुटू लागतात, आणि एका क्षणी टायर फाटतो. म्हणजे उन्हाळ्यात टायर फुटण्याचे एक मोठे कारण कमी हवा हे आहे. 'उन्हाळा आहे, दोन पौंड हवा कमीच ठेवा' हा रस्त्यावर सर्रास मिळणारा सल्ला त्यामुळे घातक आहे. किती हवा भरावी हे गाडी बनविणाऱ्याने चालकाच्या दाराच्या चौकटीवर वा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेले असते. पुष्कळदा तेथे दोन आकडे असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. देवदर्शनाला सहकुटुंब निघताना दुसरा आकडा पाहावयाचा असतो. टायरवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो, तो भरण्यासाठी नव्हे. हवा थंड टायरमध्येच मोजावी. लांब प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो स्वाभाविक आहे. तो पाहून हवा सोडू नये. स्टेपनीतही हवा असते, हे पंक्चर झाल्यावरच बहुतेकांना आठवते.

दुसरे, टायरची झीज. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. वरचा भाग झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आला की टायर संपला असे समजावे. खाचांचे काम पावसाचे पाणी बाजूस सारण्याचे आहे. त्या नसतील तर ओल्या रस्त्यावर चाक पाण्यावरून घसरते आणि आधुनिक गाडीतील महागडी ब्रेकप्रणालीही त्या ठिकाणी हतबल होते. झिजेचा आकारही बोलका असतो. मधला भाग अधिक झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. बाजूच्या भिंतीवर फुगवटा वा चीर दिसल्यास तो टायर त्याच दिवशी बदलावा. टायरचे वयही वाचता येते: बाजूवर लंबवर्तुळात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. फारशी न चालणारी गाडी अंगणात उन्हात उभी असते, तिच्या टायरच्या खाचा शाबूत दिसतात आणि रबर मात्र वाळून तडकलेले असते. जुनी गाडी घेताना हे चार अंक अवश्य वाचावेत.

तिसरे, बॉनेटखालील पातळ्या. इंजिन ऑईल सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावे. पट्टी पुसून पुन्हा बुडवावी आणि तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्ये आहे ना हे बघावे. कूलंटची पातळी अर्धपारदर्शक टाकीवर बाहेरूनच दिसते. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील दाबाखालचे उकळते पाणी उसळून तोंड भाजते. कूलंटच्या जागी बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतण्याची काटकसर रेडिएटरच्या नळ्या कीट धरून बंद होण्यात संपते. ब्रेक ऑईलच्या टाकीवरही किमान-कमाल खुणा असतात. ते कमी झाले तर ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कोठे तरी गळती आहे. वरून भर घालून स्वस्थ बसणे हा त्यावर उपाय नव्हे, गाडी गॅरेजला नेली पाहिजे. हे द्रव हवेतील ओलावा शोषते आणि मग कमी तपमानास उकळते. म्हणूनच ते सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलावयाचे असते. तुळजापूरचा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास हे उकळणे प्रत्यक्ष अनुभवास येते: पेडल मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम शास्त्रशुद्ध आहे.

चौथे, पाहणे आणि दिसणे. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून पुढचे दिवे, आणि भिंतीकडे पाठ करून ब्रेकचे दिवे व इंडिकेटर तपासता येतात. दुसऱ्या माणसाचीही गरज पडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात ज्या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात चालतात, त्या रस्त्यांवर आपला एक हेडलाईट बंद असणे हा दुहेरी धोका आहे. दिव्यांच्या काचेवरील धूळ आणि चिकट किडे पुसले तरी उजेडात फरक पडतो. वायपरचे रबर आपल्याकडील उन्हाळ्यात वाळते, आणि ते वाळल्याचा शोध जूनच्या पहिल्या वळवात लागतो. मे महिन्याच्या अखेरीस ते बदलणे हा अल्प खर्चाचा विमा आहे.

पाचवे, गाडीचे बोलणे ऐकणे. ब्रेक दाबताना किरकिर होणे, गाडी एका बाजूस ओढली जाणे, स्टिअरिंग थरथरणे, जळका वास येणे, समोरच्या फलकावर लाल दिवा लागणे, या सूचना आहेत. त्यांवर उपाय मिस्त्रीने करावा. पण त्या ऐकणे मिस्त्रीच्या हाती नाही, कारण तो गाडीत बसलेला नसतो. आणि एक अगदी साधी गोष्ट: चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली, चपला वा सुटी चटई ठेवू नये. गडगडत गेलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर उत्तम ब्रेकही निरुपयोगी ठरतो.

काय करू नये हेही सांगावयास हवे. ब्रेक स्वतः उघडणे, केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे, मूळच्या वायरी कापून मोठे हॉर्न आणि झगझगीत दिवे जोडणे, ही हौस जिवावर बेतते. जोड दिलेल्या वायरी तापून गाडीला आग लागू शकते. स्वतः पाहणे आणि स्वतः दुरुस्त करणे यांतील सीमारेषा ओळखणे हा या शिक्षणाचाच भाग आहे.

या पत्राच्या वाचकांपैकी अनेकांकडे मोटार नसेल, दुचाकी असेल. त्यांनी हा लेख आपला नव्हे असे समजू नये. २०२२ साली रस्त्यावर मेलेल्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते. दुचाकीला दोनच चाके असल्याने एका टायरच्या अपयशानंतर सावरावयास दुसरी संधी नसते. हवा, खाचा, ब्रेकच्या तरफेची ढिलाई, साखळीचा ताण आणि मागचा दिवा या पाच गोष्टी पाहावयास दहा मिनिटे लागतात. महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या दुचाकींच्या रांगेवरून सहज नजर फिरविली तरी गोटा झालेले कितीतरी टायर दिसतात. त्यांवर रंगीत पट्ट्या आणि नावे मात्र हौसेने काढलेली असतात.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रस्त्यांवर खड्डे शासनाचे, सदोष गाड्या कारखानदारांच्या, आणि उपदेश मात्र सामान्य मालकाला. आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटार कारखानदारांच्या बेपर्वाईवर पुस्तक लिहून हाच मुद्दा मांडला होता, आणि त्यानंतर तेथील कायदे बदलले. आपल्याकडेही मोटारींच्या सुरक्षिततेचे तारांकन ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाले. शासनाची आणि कारखानदाराची जबाबदारी कोणी माफ करू नये. परंतु खड्डा बुजेपर्यंत त्याच रस्त्याने जावयाचे आहे, आणि खड्ड्यात आपटून फुगलेला टायर खड्ड्याविषयी अर्ज केल्याने बरा होत नाही. शासनाला जाब विचारणे आणि टायर तपासणे ही दोन्ही नागरिकाचीच कामे आहेत. एकामुळे दुसरे टळत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आम्ही नियमितपणे गाडी सर्व्हिसिंगला देतो, मग हे कशाला? सर्व्हिसिंग सहा महिन्यांनी वा वर्षाने होते. टायरमधील हवा तेवढी वाट पाहत नाही. शिवाय येथे अर्थशास्त्रातील एक प्रसिद्ध विवेचन लागू पडते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, जेथे विकणाऱ्याला सर्व माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे बाजार बिघडतो आणि प्रामाणिक विक्रेत्याचीही किंमत राहत नाही. याच परंपरेतील कार्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गॅरेज आणि गिऱ्हाईक यांचा संबंध तसाच आहे. जो मालक आपले ऑईल कोणत्या रंगाचे होते आणि टायर किती उरले होते हे जाणतो, त्याला अनावश्यक दुरुस्ती सांगता येत नाही. आणि जो मिस्त्री खरे सांगतो, त्याचे म्हणणे पटण्याजोगे ज्ञानही त्याच मालकापाशी असते.

करता येण्याजोगे

व्यक्तीने करावयाचे ते वर सांगितले. समाजाने आणि शासनाने करावयाच्या काही गोष्टी सोप्या आहेत. मोटार प्रशिक्षण शाळांसाठी १९८९च्या नियमांत जो अभ्यासक्रम आहे, त्यात वाहनाची देखभाल हा भाग आहेच. प्रत्यक्षात शिकाऊ उमेदवार क्लच-ब्रेक आणि 'आठ'चा आकडा शिकून बाहेर पडतो. परवान्याच्या चाचणीत उमेदवाराकडून एका टायरची हवा मोजून घेतली आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑईल दाखवावयास सांगितले, तर हा अभ्यासक्रम आपोआप शिकविला जाऊ लागेल. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

पेट्रोलपंपावर मोफत हवा मिळते, परंतु तेथील मापक खरा दाब दाखवितो किंवा नाही हे कोण पाहते? तराजू आणि पेट्रोलचे माप तपासले जाते, तसे हवेचे मापकही ठराविक मुदतीने तपासून तारखेची चिठ्ठी लावली जावी. गाडीबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती बहुधा इंग्रजीत असते आणि प्लॅस्टिकच्या वेष्टणासह डॅशबोर्डात पडून राहते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर निदान देखभालीची आणि सुरक्षिततेची पाने मराठीत असावीत, ही मागणी ग्राहक चळवळीने धरून लावावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचे वर्ग चालतात; तेथील विद्यार्थ्यांनी महाविद्यालयांत येऊन वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक दिले तर खर्च जवळजवळ काहीच नाही आणि दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांचा लाभ आहे. यात मुलींना आवर्जून सहभागी करावे; गाडी चालविणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, पण बॉनेट उघडणे हे पुरुषाचे काम ही समजूत गेलेली नाही.

शेवटी, खासगी मोटारीच्या पंधरा वर्षांच्या मोकळिकीचा विचार झाला पाहिजे. पाच वा सात वर्षांनंतर ब्रेक, टायर, दिवे आणि स्टिअरिंग एवढ्यांपुरती साधी तपासणी सक्तीची करण्यात अशक्य असे काही नाही. तीतून भ्रष्टाचाराला नवे कुरण मिळेल, ही भीती वास्तव आहे. म्हणून तपासणी यंत्राने व्हावी, तिचे निष्कर्ष मालकाच्या हाती छापील स्वरूपात पडावेत, आणि नापास गाडीला दुरुस्तीसाठी वाजवी मुदत मिळावी. धुराचे प्रमाणपत्र ज्या गांभीर्याने वा अगांभीर्याने दिले जाते, त्याची पुनरावृत्ती टळली नाही तर ही सुधारणाही कागदावरच राहील.

सोलापूर हे मागावर वाढलेले शहर आहे. यंत्राला वेळच्या वेळी तेलपाणी केले नाही तर ते धागा तोडते आणि मजुरी बुडवते, हे येथील विणकराच्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. खंडेनवमीला आपण त्या यंत्रांची पूजा करतो. मोटारीलाही हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालतो, लिंबू-मिरची बांधतो. ही पूजा करणाऱ्याने त्याच सकाळी माळ घालण्यापूर्वी चारही चाकांपाशी वाकून हवा, खाचा आणि चिरा पाहाव्यात, आणि पाचवे चाक डिकीतून काढून तेही पाहावे. त्यानंतर दर पंधरवड्यास तेच करावे. न्यायालयाने जबाबदारी कोणाची हे सांगून टाकले आहे. ती पार पाडावयास अर्धा तास आणि एक हवामापक एवढीच सामग्री लागते.